खोट नसलेली रेकॉर्ड

१२ जानेवारी, रविवार

डीजे! ज्या मुलीला मी लहानपणापासून हळू आवाजात बोलायला शिकवलं, तिला डीजे पसंत पडला!

सकाळी चहाच्या वेळी सांगितलं तिनं. अगदी सहज, दूध उतू गेलं असं सांगतात तसं. "आप्पा, पालीचा इंद्रजित आहे. त्याचं साऊंड आहे." त्याचं साऊंड आहे! साऊंड म्हणजे काय, तर एक टेम्पो आणि त्यात टपापर्यंत रचलेले काळे खोके. नाव भैरवनाथ साऊंड. देवालाही सोडलं नाही. नसरापूरला प्रांजल ज्या लॅबमध्ये रक्त तपासते, तिथल्या कुणाच्या तरी हळदीत हा वाजवत होता आणि ही नाचत होती. माझी मुलगी. हळदीत!

कप खाली ठेवला आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. रेकॉर्ड लावली, पण ऐकली नाही.

१३ जानेवारी

सौ.चं मत – "पोरगं निर्व्यसनी हाय, कष्टाळू हाय, गडाखाली सवताचं घर हाय. तुमाला आणि काय पायजे?"

मला काय पाहिजे हे या घरात आजवर कुणी विचारलं नव्हतं. आज विचारलं, तेही असं.

१५ जानेवारी

डोक्यातून जात नाही म्हणून लिहितो.

जन्मभर शिरवळला एका कंपनीत क्वालिटीला होतो. आलेला माल हातात घ्यायचा, खोट शोधायची, बाजूला टाकायचा. लोक माझ्या नावानं बोटं मोडायचे. मोडोत. मी सोडलेला एकही नग कधी परत आला नाही.

रिटायर झाल्यावर वेल्ह्याच्या रस्त्याला, वस्तीपासून लांब हे घर बांधलं ते एका खोलीसाठी. दुहेरी भिंत, मधल्या पोकळीत भाताचं तूस ठासून भरलेलं, म्हणजे बाहेरचं आत नको आणि आतलं बाहेर नको. सौ. पाहुण्यांना हसून सांगते, "लोकं कणगीत भात भरत्यात, आमच्यांनी भिंतीत तूस भरलंय." गावात मला तूसवाले म्हणतात हेही ठाऊक आहे. आत एक प्लेयर, वॉल्व्हचा अँप्लिफायर, दोन स्पीकर आणि खुर्ची. एकच. दुसरी ठेवली की आवाज तिच्यावर आपटून घाण होतो.

आणि एवढं सगळं करून लावायचं काय? तिथंच तर रडं आहे! चांगलं गाणं ढिगानं पडलंय. चांगलं मुद्रित केलेलं गाणं नाही. गायक थोर, तर तबला त्याच्या मांडीवर ठेवल्यासारखा. सतार सुरेख, तर कुणीतरी तिला विहिरीत सोडून काठावर माईक धरलाय. मैफल जिवंत, तर पहिल्या रांगेतल्या शेटजींचा खोकला गायकापेक्षा स्वच्छ. नव्या सीड्यांचं तर नाव काढू नये – सगळं एकजात मोठं, हळू असं काही शिल्लकच नाही. जुनं मुद्रण घासूनपुसून नवं करतो म्हणतात आणि सालटं काढून ठेवतात. आणि ते मोबाईलवर ऐकणारे! ते गाणं ऐकत नाहीत, गाण्याची बातमी ऐकतात.

असल्या जगात माझ्या मुलीनं जगातल्या सगळ्यात मोठ्या भोंग्याशी लग्न करायचं.

१९ जानेवारी, रविवार

आला. टेम्पो घेऊन आला! होणाऱ्या सासऱ्याला भेटायला माणूस मोटारसायकलवर येतो. हा पुढं सुपारीला जायचं म्हणून सगळा डोलारा घेऊन. त्यांच्या धंद्यात ठरलेल्या कामाला सुपारी म्हणतात – गुंडांत आणि यांच्यात शब्दसुद्धा एकच.

दिसायला नीटनेटका. पाया पडला. आवाज मात्र असा की शेजारच्याशी बोलताना डोंगरापलीकडच्याला हाक मारतोय वाटावं. स्पीकरशेजारी उभं राहून राहून होत असेल. प्रांजल त्याच्याकडं बघून सारखी हसत होती. तिला एवढं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. बरं वाटलं नाही.

"आप्पा, खोली दाखवा ना." दाखवली. गड्यानं दोन्ही स्पीकरना प्रदक्षिणा घातली आणि म्हणाला, "एवढंच? काका, ह्यातनं बेस कुठनं निघतो?" निघतो! उसाचा रस आहे जसा काही!

मग मी सरळ सांगितलं – एक रेकॉर्ड आणून दाखव. रेकॉर्ड, सीडी, काहीही चालेल. गाणं तुझ्या पसंतीचं. फक्त त्याच्या मुद्रणात मला खोट काढता आली नाही पाहिजे. ज्या दिवशी आणशील, त्या दिवशी लग्नाची सुपारी फोडू. त्याच्या आधी नाही.

सौ. म्हणाली, "याड लागलंय का तुमाला?" प्रांजलचा चेहरा उतरला. "आप्पा, ही काय अट झाली?" त्यानं मात्र मांडीवर थाप मारली. "एकच ना, काका? रविवारी घिऊन येतो की!"

एकच ना! तरुणपणापासून मी ती एक शोधतोय. मला मिळाली नाही. हे त्याला सांगायची गरज वाटली नाही.

२६ जानेवारी, रविवार

सकाळी शाळेच्या भोंग्यानं देशभक्ती कानात ओतली. त्यातून सुटतो तोवर हा हजर. पेनड्राइव्ह! "काका, फुल क्वालिटी हाय. हजार गाणी हायेत ह्यात." एक आण म्हटलं तर हजार आणली. पहिलंच लावलं. झांजा अशा की कुणी पत्र्यावर मीठ टाकतंय. बंद केलं. "न्हाई आवडलं?" म्हणाला. आवडायचं काय त्यात, ते गाणं नव्हतंच, ते गाण्याचं चिपाड होतं.

निमूट गेला. जाताना अंगणात प्रांजलला काहीतरी म्हणाला आणि दोघं खिदळली. मला हसली असतील.

२ फेब्रुवारी, रविवार

आज रेकॉर्ड आणली! भोरला कुणा भंगारवाल्याकडं मिळाली म्हणे. चांगली होती – होती. धूळ फार म्हणून या शहाण्यानं ती भांड्याच्या साबणानं धुतली आणि वाळायला घराच्या पत्र्यावर उन्हात ठेवली. पापड झाला. प्लेयरवर ठेवली तर सुई होडीत बसल्यासारखी खालीवर. मी बघत राहिलो. हसावं की रडावं कळेना.

सौ. दारातून म्हणाली, "कुरडया समजून वाळवली असंल." ती आणि प्रांजल पोट धरून हसल्या. तोही हसला. मीच काय तो हसलो नाही. पण इथं लिहायला हरकत नाही, नंतर खोलीत एकटा हसलो.

५ फेब्रुवारी

प्रांजल जेवताना म्हणाली, "आप्पा, तुम्हाला त्याला नाहीच म्हणायचंय ना? मग सरळ म्हणा." म्हटलं, मी शब्द दिलाय, मी शब्द मोडणारा नव्हे. तिनं ताट उचललं. "तुम्ही हो म्हणेपर्यंत मी थांबेन. पळून जाणार नाही. पण फार ताणू नका."

माझ्यावर गेलीय. हे कौतुकानं लिहिलं का, नक्की सांगता येत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

सीडी. एका जुन्या गायिकेची, त्यावर मोठ्या अक्षरांत नव्यानं झळाळी दिलेलं वगैरे. झळाळी! म्हटलं, बस इथं. खुर्चीत त्याला बसवला, मी भिंतीला टेकून उभा. आधी त्याची सीडी लावली, मग माझ्याकडची त्याच बाईंची जुनी रेकॉर्ड. त्याला म्हटलं, शब्द ऐकू नकोस, चाल ऐकू नकोस. ती श्वास कधी घेते तेवढं ऐक.

डोळे मिटून बसला. झोपला असं धरून चाललो होतो. बाजू संपली तर म्हणतो, "काका, सीडीत त्या बाईला श्वासच न्हाई. म्हंजी ती मेल्याली हाय."

मी चहा मागवला. दोन कप.

१६ फेब्रुवारी, रविवार

पानशेतला धरणाकाठी पुण्याच्या एका शेटचा बंगला आहे, शनिवार-रविवारपुरता उघडतो. तिथं भारी यंत्रांवर ऐकणारे शौकीन जमतात. मलाही बोलावणं असतं, मी जात नाही. या वेळी इंद्रजितला घेऊन गेलो – पोराला कळू दे, नुसता खर्च केला की कान येत नाहीत.

काय ती माणसं! वायर ही एवढी जाड, अजगरच; जमिनीला टेकू नये म्हणून तिला लाकडी ठोकळ्यांवर निजवलेली. आणि ऐकतात काय? बेडूक! परदेशातली बेडकांची रेकॉर्ड! मग काच फुटल्याची. मग आगगाडी डावीकडून उजवीकडं गेली. सगळ्यांनी माना डोलावल्या. इंद्रजितनं अदबीनं विचारलं, "शेट, ह्यात गाणं कवा लागतंय?" त्यांनी त्याच्याकडं असं बघितलं, जसं काही वाढप्यानं मधेच तोंड घातलंय. मला इतका आनंद फार दिवसांत झाला नव्हता.

परतताना धरणाकाठी पुण्याची टोळकी दारं उघडी टाकून गाडीतलं संगीत पाण्याला ऐकवत होती. इंद्रजित म्हणाला, "काका, ह्येंचा वरचा पट्टा फाटलाय." फाटलाच होता. मी म्हणायच्या आधी तो म्हणाला.

१७ फेब्रुवारी

खोलीत दुसरी खुर्ची ठेवली. मागच्या बाजूला ठेवली तर फारसं बिघडत नाही.

सौ.नं दारातून बघितलं. "एवढ्या वर्सांत आमाला न्हाई खुर्ची दिली कधी." मग म्हणाली, "नको म्हना, कामं पडल्यात."

१९ फेब्रुवारी

शिवजयंती. गावात भैरवनाथ साऊंडच. दुपारपासून घराची तावदानं थरथरत होती. भिंतीतलं तूससुद्धा खाली बसलं असेल. संध्याकाळी मधेच सगळं शांत झालं आणि मग पोरांची आरडाओरड. प्रांजल बघून आली. इंद्रजितनं म्हणे आवाज निम्मा केला, कारण "सगळं चिरकतंय." पोरांनी त्याला टेम्पोवरून खाली खेचलं आणि दुसऱ्यानं बटणं फिरवली.

ती हसत सांगत होती. अजून हसत होती.

२ मार्च, रविवार

आता जे आणतो त्यात निदान दम असतो. आजची सनई बरी होती. खोट मी काढायच्या आत त्यानंच काढली – "सूर माझ्याम्होरं हाय पन फुंक मागच्या खोलीत हाय." बरोब्बर! दोन माईक लावलेत आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. हे ओळखायला मला वर्षं लागली. याला सात रविवार!

त्याला म्हटलं, तुझी रेकॉर्ड तूच नापास केलीस की. म्हणाला, "मग? खोटं कसं बोलू, काका?"

उगाच कशाला लपवू, या पोराच्या येण्याची मी वाट बघू लागलोय. शनिवारीच सुई पुसून ठेवतो. कंपनीत माझ्या हाताखाली किती जण आले, सगळे पाट्या टाकणारे. दोन्ही बाजू संपेपर्यंत कुणी माझ्याशेजारी बसलं नव्हतं. घरातलंही नाही.

९ मार्च, रविवार

आल्यापासून दोघं खोलीतच. प्रांजलनं सौ.च्या मागं लागून पुरणपोळी करवली होती. ती गार झाली. दोनदा दार वाजवलं म्हणे. आत कसं ऐकू येणार!

१६ मार्च, रविवार

इंद्रजितचे वडील आले. कुंडलिक. पालीला गडाखाली ट्रेकवाल्यांना पिठलं-भाकरी घालतात. हातात घरच्या तांदळाची पिशवी. मला वाटलं लग्नाचं बोलायला आले. बसले आणि सुरू!

"आनंदराव, पोरगं तुमच्याकडं लेकीपायी येत हुतं. तुमी त्येचं काय करून ठिवलं? परवा भर वरातीत वाजवनं बंद केलं. नवरदेव घोड्यावर! काय झालं म्हनलं, तर म्हनतो जनरेटरचा आवाज मधी येतोय. आवो, जनरेटर हाय म्हनूनच तर आवाज येतोय!"

मी कसाबसा गंभीर राहिलो. ते पुढं म्हणाले, "घरात कुनी भाकरी थापली तरी ह्यो कपाळाला आठ्या घालतो. त्येच्या आयनं काल काठवट फडक्यावर ठिवली. तुमी हो म्हना न्हाईतर न्हाई म्हना, पन ह्ये थांबवा."

म्हटलं, कुंडलिकराव, तुमच्या मुलाला कान आलेत. म्हणाले, "त्येला आधीबी हुते की!"

अडाणी माणूस. तांदूळ मात्र उत्तम.

२३ मार्च, रविवार

प्रांजल म्हणते, "आप्पा, तो हल्ली मी बोलत असताना मधेच बोट वर करतो. मग म्हणतो, थांब, कुठलातरी पंखा घरघरतोय." मी म्हटलं, बघ, किती बारीक लक्ष! ती म्हणाली, "पंख्याकडं."

मुलींना कौतुक ऐकायची सवय असते. हा तसला गोडबोल्या नाही, हे चांगलंच.

२८ मार्च

सौ. सांगते प्रांजल नीट जेवत नाही. लग्न लांबतंय म्हणून असेल. माझ्याच अटीपायी. थोडं वाईट वाटलं. मग ठरवलं – यापुढं त्यानं आणलेल्या रेकॉर्डला मी थोडं सांभाळून घेईन. लिहून ठेवतो आणि लगेच लाज वाटते. असं मी कंपनीत कुणासाठी केलं नव्हतं. साहेबाच्या भाच्यासाठीही नाही.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. इंद्रजित आला तो मोटारसायकलवर! टेम्पो विकला. खोके विकले. सगळं साऊंड मुळशीकडच्या कुणाला देऊन टाकलं. "काका, म्या आता त्यात हात घालू शकत न्हाई. किळस येते." पुण्यात एका स्टुडिओत काम शिकायला जाणार म्हणतो. मला उठून त्याला मिठी मारावीशी वाटली. मारली नाही. खांद्यावर हात ठेवला.

जेवायला बसलो. वाटीत श्रीखंड. प्रांजल त्याला म्हणाली, "मला आधी नाही सांगितलंस?" तो म्हणाला, "तू चमचा वाटीवर आपटू नको गं, लई टोचतोय."

हे ऐकून मीही तिच्या चमच्याकडं बघितलं. खरंच आपटत होती.

६ एप्रिल, रविवार

आज झालं!

एकटं सारंगीचं वादन, जुनी रेकॉर्ड. पानशेतला कुणी बंगला विकला, त्याच्या अडगळीतून इंद्रजितनं शोधून काढली. या वेळी साबण नाही, ऊन नाही – मी शिकवल्याप्रमाणं पुसून आणली. वादकाचं नाव ऐकलेलं नाही. मुद्रण कुणी केलं तेही छापलेलं नाही. तो जो कोण असेल त्याच्या हाताला माझा नमस्कार.

गज तारेला लागायच्या आधी तो लागणार हे कळतं. लाकूड कळतं. माणूस बसलाय ती खोली केवढी, हे कळतं. पहिली बाजू संपली आणि बोट ठेवायला जागा सापडली नाही. दुसरी लावली. तिथंही नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी खोट शोधायचं विसरून नुसता ऐकत बसलो. डोळे भरून आले. त्याला दिसू नये म्हणून सुई पुसत बसलो.

म्हटलं, इंद्रजित, जिंकलास.

तर तो हळूच म्हणाला – हल्ली किती हळू बोलतो – "न्हाई, काका. दुसऱ्या बाजूला, मधे तो थांबतो तिथं, मागं कुठंतरी घड्याळ चालू हाय."

परत लावली. त्यानं बोट वर केलं. "ह्ये बघा." मी कान टवकारले. मला घड्याळ ऐकू आलं नाही. तिसऱ्यांदाही नाही. मी म्हणालो, "हो. आहे."

मग मला इतका आनंद झाला! माझ्याही पुढं गेलेला माणूस माझ्या घरात येणार. रेकॉर्ड गेली खड्ड्यात. मी दार उघडून ओरडलो. हो, ओरडलो! "अगं, सुपारी काढ! अक्षय तृतीयेचा मुहूर्त बघू!" सौ. पळत आली, "खरंच का?" म्हणून रडायलाच लागली. कुंडलिकरावांना फोन केला. ते म्हणाले, "बरं झालं बाबा, सुटलो."

प्रांजल स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. वळून आत गेली. मुली अशा वेळी लाजतातच.

८ एप्रिल

प्रांजल म्हणाली, "आप्पा, मला तो नको."

मला वाटलं चेष्टा. म्हटलं, अगं, मी हो म्हणालो. म्हणाली, "तुम्ही म्हणालात. मी नाही म्हणतेय." सगळं हळू आवाजात. जसं मी शिकवलं तसं.

तिचे शब्द जसेच्या तसे लिहितो, नंतर माझ्या सोयीनं आठवू नयेत म्हणून. "मी ज्याला हो म्हणाले होते तो टेम्पोच्या टपावर उभा राहून, अख्ख्या हळदीसमोर माझं नाव घेऊन हाका मारायचा. मला त्याची लाज वाटायची आणि तेच आवडायचं. काल त्याला फोन केला, म्हटलं मला भीती वाटतेय. तर म्हणाला, मागं एसटी उभी आहे का, इंजिन ऐकू येतंय, नंतर बोल. मी बोलायला गेले की तो आवाज तपासतो. आप्पा, तुम्ही आयुष्यभर आईला तेच केलंत. आईनं निभावलं. माझ्याच्यानं व्हायचं नाही."

सौ. भांडी घासत होती. तिनं नळ बंद केला नाही. तिला मी म्हटलं, तू तरी समजाव हिला. पाठमोरीच म्हणाली, "काय समजावू? आज पैल्यांदाच या घरात कुनीतरी खरं बोललंय."

या बायकांना काय कळतं, असं लिहायला बसलो होतो. पुढचं वाक्य सुचलं नाही.

१० एप्रिल

प्रांजलनं इंद्रजितला कळवलंय की नाही, विचारायचा धीर झाला नाही. पुण्यात एका मोठ्या लॅबमध्ये नोकरी धरली म्हणे. केव्हा धरली, कुठं धरली – मला काहीच ठाऊक नाही. आपल्याच घरातलं मला काही ऐकू येत नाही!

१२ एप्रिल

सकाळच्या एसटीनं गेली. मी स्टँडवर पोचवायला जातो म्हणालो, नको म्हणाली. घर शांत आहे. हवं होतं तसं. दिवसभर रेकॉर्ड लावली नाही.

१३ एप्रिल, रविवार

इंद्रजित नेहमीच्या वेळेला आला. नवी रेकॉर्ड घेऊन. बसलो.

प्रांजल कुठं आहे हे त्यानं पहिली बाजू संपल्यावर विचारलं. तोवर मीही सांगितलं नव्हतं.